आम्ही सारवलेलं हॉकीचं मैदान

हॉकीचा विषय निघाला की आमच्याकडचे पुरुष अजून म्हणतात, बायकांनी मैदान सारवलं आणि संघ गेला. मी आत असते, ऐकते. मला चार माणसांत बोलायला पहिल्यापासून जमत नाही. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. जेवढं येतं तेवढं लिहीन.

हॉकी हा आमच्या गावचा खेळ म्हटलं तर बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल. आमचं गाव ज्वारी-बाजरीचं, काष्टीच्या बाजाराला बैलगाडीनं जाणारं. पण आमच्याकडचे पुरुष लष्करात पुष्कळ. त्यातले एक सुभेदार पेन्शन घेऊन परत आले, ते ट्रंक आणि वळकटीबरोबर पोतंभर जुन्या स्टिका घेऊन आले. नगरच्या कॅम्पात मोडक्या म्हणून टाकून दिलेल्या त्या स्टिका त्यांनी सुतळीनं आवळल्या, वर डिंक चोपडला आणि माळावर पोरं जमवली. कमी पडल्या तेव्हा सुतारानं बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून दिल्या. मी लग्न होऊन आले तोवर संघ चांगला तयार झाला होता. दौंडला, नगरला, श्रीरामपूरला जाऊन खेळायचा आणि बहुतेक वेळा जिंकून यायचा.

आमच्या घराची मागची भिंत त्या माळाला लागून होती. छातीइतकी उंच. तिच्यावर मी संध्याकाळच्या गोवऱ्या थापायची. गोवऱ्या थापणारी बाई कुठं बघते, हे कुणी बघत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्या वर्षी मला काही कळलं नाही. पोरं काठ्या घेऊन एका चेंडूच्या मागं पळतात एवढंच दिसायचं. मग हळूहळू समजायला लागलं. माझे धाकटे दीर संघात गोली होते, म्हणजे गोलाच्या तोंडाशी उभं राहून चेंडू अडवायचे. रात्री जेवताना ते आणि आमचे हे खेळाचं बोलायचे. चुलीपुढं बसून भाकरी थापताना मी ते ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरून ते ताडून बघायची. कॉर्नर म्हणजे काय, चेंडू डीच्या, म्हणजे गोलापुढच्या अर्धगोल रेघेच्या, आतून मारला तरच गोल का धरतात, सगळं असंच कळलं. खेळ सुरू करताना दोन्हीकडचा एकेक जण समोरासमोर उभा राहायचा, दोघं स्टिक आधी जमिनीवर आणि मग एकमेकांच्या स्टिकवर आपटायचे, तीनदा, आणि मग चेंडूवर झडप. त्याला बुली म्हणत. तो आवाज मला घरात कुठंही असले तरी ऐकू यायचा. आमच्याकडून बुली घ्यायचा लोहाराचा मुलगा. तो सेंटरला खेळायचा. त्याच्या काठीला चेंडू असा चिकटायचा की वाटायचं, याच्या काठीला गूळ लावलाय.

मला दुसरी काही हौस नव्हती. माहेर लांब. सिनेमा मी तोवर बघितला नव्हता. दिवसाचं काम संपत आलं की तो माळ, तो आवाज, आणि धुळीत पळणारी ती अकरा पोरं. एवढं एकच माझ्यासाठी होतं, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून कुणी काढून घेतलं नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात संघ जाणार अशी बोलणी सुरू झाली.

त्या साली ज्वारी झाली नाही. गुरं छावणीत होती. माणसं बंडिंगच्या कामावर खडी फोडायला जायची. पलीकडच्या भागात, जिथं कॅनॉल आहे, तिथं एक साखर कारखाना होता. त्याच्या चेअरमनला वाटलं, कारखान्याच्या नावानं एक खेळाचा संघ पाहिजे. इतर कारखान्यांकडं कबड्डीचे संघ होते. याला हॉकी पाहिजे होती, म्हणजे पेपरात फोटो येतो. पण संघ उभा करायला वर्षं लागतात. तयार उचलला की झालं.

आमचे हे गावच्या क्रीडा मंडळात होते, त्यामुळं बैठक आमच्याच ओट्यावर बसायची. चेअरमनचा एक माणूस जीपमधून यायचा. पांढरी टोपी, पांढरे कपडे, तोंडात कायम तंबाखू. बोलायला तोंड उघडायचा तेव्हा आधी ओट्याच्या कडेवरून माझ्या तुळशीच्या बाजूला पिंक टाकायचा. तो गेला की मी राख टाकून ते झाकायची. झाडून काढायलाही हात धजत नसे.

"पोरांना नोकऱ्या लागतील," तो म्हणायचा. "राहायला खोल्या. कॅनॉलचं पानी. मैदान असं हिरवंगार की लोळावं वाटंल. हितं काय हाय? गुडघे फुटतेत पोरांचे."

सुभेदार खाली घोंगडीवर बसायचे, पाठ ताठ. ते म्हणायचे, "संघ गावचा हाय. नोकऱ्या द्या, आमी न्हाई म्हनत न्हाई. पन खेळतील ते हितं, गावच्या नावानं."

"आवो सुभेदार, गाव का पळून जातंय?"

"गाव न्हाई पळत. संघ पळतोय."

यावर सगळे हसायचे आणि चहा मागायचे. मी दाराआडून कपबशा पुढं सरकवायची. आमचे हे सुभेदारांच्या बोलण्याला मान हलवायचे आणि जीपवाल्याच्या बोलण्यालाही मान हलवायचे. तीच मान, तेवढीच.

त्या दिवसांत संध्याकाळ झाली की माझा जीव खालीवर व्हायचा. बुलीचा आवाज आला की मी श्वास सोडायची, म्हणजे आज तरी आहेत. एखाद्या दिवशी पोरं उशिरा आली तर माझी भाकरी करपायची. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. आत्या म्हणायच्या, "ध्यान कुठं हाय गं तुजं? धुराडं झालंय निस्तं."

एकदा दीर मोरीपाशी हातपाय धुता धुता म्हणाले, "वहिनी, कॉर्नर लागला की तुमचं थापायचं बंद पडतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर ओढून घेतला.

"कुनाला न्हाई सांगनार," ते हसले. मग थांबून म्हणाले, "तुमाला काय वाटतं? जावं का तिकडं?"

मला किती वाटत होतं. पण एवढं मोठं झालेलं माणूस मला, आपल्या भावजयीला, विचारतंय, यानंच मी अवघडले. मी कळशी उचलून आत गेले.

मग एक दिवस जीपवाला नवं बोलणं घेऊन आला. चेअरमन म्हणाले आहेत, संघ इथंच राहू द्या, फक्त मैदान सुधरा. धूळ बसवा, जमीन सपाट करा. श्रीरामपूरचा संघ बोलावतो, चेअरमन स्वतः मॅच बघायला येतील. मैदान पसंत पडलं तर पोरं इथं खेळतील, खर्च कारखान्याचा.

"मैदान कसं पाहिजे," तो म्हणाला, "आरशागत."

त्याच संध्याकाळी गावात दवंडी फिरली. पुरुष खडीच्या कामावरून थकून येत होते. मैदानाचं काम बायकांवर आलं. आणि आमच्याकडच्या बायकांना सपाट, टणक, धूळ न उडणारी जमीन करायची एकच रीत ठाऊक. खळं करायची.

सुगीच्या आधी जमीन उकरायची, पाणी मारून ती भिजवायची, तुडवायची, धुमसानं चोपून बसवायची आणि वरून शेणानं सारवायची. असं खळं केलं की ज्वारीचा दाणा मातीत हरवत नाही. आत्याच म्हणाल्या, "खळ्यापरीस सपाट काय असतं? त्यावर दानं पळतंय, चेंडू का न्हाई पळायचा?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

एवढं मोठं मैदान सारवणं शक्य नव्हतं. ठरलं की दोन्ही गोलांच्या पुढची जागा आणि मधली बुलीची जागा तेवढी करायची. पाणी कुठून आणणार? प्यायलाच टँकर यायचा. मग प्रत्येक घरानं धुण्याचं, भांड्यांचं पाणी राखून ठेवलं. दुपारी त्या पाण्याच्या घागरी माळावर जायच्या. त्यात खरकटं, राख, साबणाचा मळ, पोरांच्या लंगोटांचा वास. उन्हात ते पाणी जमिनीवर पडलं की असा दर्प सुटायचा की नाकाला पदर लावून चोपायला लागायचं. शेण छावणीतून आणलं. जनावरं उसाच्या वाढ्यावर जगत होती, शेण पातळ, हिरवं, आंबूस. एरवी त्याच्या गोवऱ्या झाल्या असत्या, जळण झालं असतं. बायकांनी चुलीतलं काढून मैदानाला दिलं म्हणायला हरकत नाही. हात आठवडाभर धुतले तरी वास जात नव्हता. पण कुणी कुरकुरलं नाही. हसत होत्या. आम्हाला त्या मैदानात पाय टाकायला कधी मिळाला नव्हता. आता डीमध्ये बसून आम्ही शेणाचे हात फिरवत होतो.

शेजारची काकू मला म्हणाली, "हितं तुजा दीर उभा ऱ्हातो न्हव? मग हितलं तू कर, गुळगुळीत."

आमच्या भिंतीकडचा गोल मी केला. शेवटी डाव्या खांबाच्या बाजूला शेण कमी पडलं. तेवढा कोपरा तसाच कोरडा राहिला.

सुभेदार येऊन बघून गेले. त्यांनी काठीनं जमीन ठोकली. खण्ण वाजली. ते काही म्हणतील म्हणून आम्ही हात थांबवले. त्यांनी एवढंच म्हटलं, "लई कष्ट केले बायांनो," आणि गेले. पुढं कळलं की त्यांना तेव्हाच शंका आली होती, एवढ्या टणक जमिनीवर आपल्या पोरांना खेळायची सवय नाही. पण सगळा गाव प्रथमच संघासाठी राबतोय, त्याला मोडता घालणं त्यांच्या जिवावर आलं.

मॅचच्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं राख टाकायला गेले तर आमच्या भिंतीपलीकडं बकरं बांधलेलं. गोलाच्या मागच्या खांबाला. शेजारी मोठी पातेली, सरपणाचा ढीग, पत्रावळींचे गठ्ठे. कारखान्याची ट्रक उभी होती, तिच्यात कुणी नव्हतं.

आमचे हे दाढी करत होते. मी विचारलं, "बकरं कशाला?"

"जेवनाला. चेअरमनसाहेबांकडून."

"जितलं तर?"

"जितू देत न्हाई तर हरू देत, पोरं आज त्याच ट्रकनं जायचीत."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणाले, "मैदान पसंत पडलं तर ऱ्हानार हुते न्हवं?"

ते आरशात बघत गाल ताणून म्हणाले, "ते कवाच ठरलंय. मैदानाचं बोलनं सुभेदारांना गप करायला. मला बी घेनार हायेत, चेअरमनच्या गटात. पन कुटं बोलू नको."

"मग आमी सारवलं कशाला?"

"तुमी खुशीनं करत हुता. आमी कशाला नाट लावायचा?"

वस्तऱ्यावरचा फेस त्यांनी बोटानं काढला आणि फरशीवर झटकला. मी त्या फेसाकडं बघत उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी या माणसाचं ताट वाढत होते, उष्टं काढत होते, कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी मला त्यांच्या ओल्या गालाचीसुद्धा किळस आली.

दुपारी सगळ्या बायका मॅच बघायला आल्या. मैदान आपण केलंय म्हणून त्यांना पहिल्यांदा मान होता. आमच्या भिंतीच्या कडेनं ओळीनं बसल्या, नवी लुगडी नेसून. प्रत्येकीला आपला तुकडा ओळखू येत होता.

"त्यो बग, काळपट दिसतोय, त्यो माजा."

"तुजा काळपटच असनार. घरी तरी कुटं नीट सारवतीस."

"गप बस गं, पाहुनं आलंत."

त्या हसत होत्या आणि मला ठाऊक होतं. सांगायचं कुणाला? सांगून त्यांचा तो एक दिवस नासवायचा?

बुली झाली. लोहाराच्या मुलानं चेंडू काढला आणि सारवलेल्या जागेवर आणला, तर चेंडू त्याच्या काठीवरून सुटून भरकन् पुढं गेला. आमची पोरं मऊ, फुफाट्याच्या जमिनीवर शिकलेली. चेंडू येईल तो धुळीत रुतून येणार, हे त्यांच्या हाताला ठाऊक. इथं तो तेलावरून आल्यासारखा यायला लागला. पळणाऱ्यांचे पाय सरकू लागले. मग स्टिकांनी सारवणाचे पोपडे निघायला लागले आणि चेंडूला चिकटायला लागले. पाहुण्यांनाही तेवढीच अडचण होत होती, पण पाहुण्यांचे पाय तयारीचे होते, बुटातले. पहिला गोल पलीकडच्या टोकाला झाला. चेंडू सारवणावरून घसरत दिरांच्या पायाखालून गेला. तो गोल सारवणानं झाला, हे मी कुणालाही सांगेन.

आमच्या पोरांनीही एक गोल केला. मग अर्धा खेळ संपून बाजू बदलली आणि दीर आमच्या भिंतीपुढं आले. मला त्यांची पाठ अगदी जवळून दिसत होती. पुढचे दोन गोल तिथं झाले. दोन्ही डाव्या खांबाच्या कडेनं, जिथं शेण पोचलं नव्हतं, तिथून. दोन्ही वेळा दीर उशिरा झुकले. चेंडू नेहमीच्या धुळीतून, नेहमीच्या वेगानं आला आणि गेला. दुसऱ्या वेळी ते मागं वळले चेंडू काढायला, तेव्हा आमची नजरानजर झाली. त्यांनी लगेच खाली बघितलं.

मॅच संपल्यावर चेअरमन बोलले. जाड माणूस, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी पोरांना एकेक करून हार घातला, हरल्यावर. मग म्हणाले, "पोरं वाघ हायेत. पन मैदानानं घात केला. माउल्यांनी भक्तीनं केलं, मी त्यांना नमस्कार करतो. पन हॉकी म्हंजे काय खळं न्हवं." आणि आपल्याच बोलण्यावर हसले. पुरुष हसले. आधी पुढचे, मग सगळे. आमचे हेही हसले, वस्तऱ्यानं गुळगुळीत केलेल्या तोंडानं. सुभेदार तेवढे उठून घरी गेले.

बायका हसत नव्हत्या. काकूनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला होता, तो सोडत नव्हती. "आमीच केलं का गं हे?" तिनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं, तिला बरं वाटावं म्हणूनच मी हलवली.

मग त्या लोकांनी काय केलं, तर जेवणासाठी चर खणायला घेतला. माळ एवढा मोठा पडलेला. पण आचारी म्हणाला, इथली जमीन टणक आहे, कडा ढासळत नाहीत, जाळ चांगला राहतो. आणि त्यानं गोलाच्या तोंडाशी, आम्ही चोपून सारवलेल्या जागेत कुदळ घातली. मी घातलेले शेणाचे हात ढेकळांबरोबर उलटे पडले. बकरं भिंतीपाशीच कापलं. आतडी, शेणगोळा, सगळं भिंतीच्या पायथ्याशी टाकलं. पुढं कितीतरी दिवस कुत्री तिथं भांडत होती आणि माशांचा घोंगावा आमच्या चुलीपर्यंत यायचा.

दुष्काळाचे दिवस. मटणाचा वास सुटला तशी सगळी माणसं तिथं गोळा झाली. मघाशी मान खाली घालून बसलेले पुरुष रांगेत पत्रावळ घेऊन बसले. बोटं चाटत होते, रस्सा अजून मागत होते, ढेकरा देत होते. चेअरमनचा जयजयकार करत होते. खेळाडूंना वेगळी पंगत. हार काढून बाजूला ठेवले होते, रस्सा सांडायला नको म्हणून.

आमचे हे एका डब्यात आमच्यासाठी घेऊन आले. आत्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. मी म्हणाले, "मला नको."

"खा," आत्या म्हणाल्या. "मटनानं काय केलंय?" आणि खरंच, त्यांनी शांतपणे खाल्लं. त्यांचं मला वाईट वाटलं नाही. त्या सारवताना सगळ्यांत पुढं होत्या आणि कित्येक दिवस रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर होत्या. पण मला तो डबा घासताना उलटी झाली.

रात्री कंदिलाच्या उजेडात पोरं ट्रकमध्ये चढली. दीर पाया पडून गेले. स्टिकांचं पोतंही गेलं. दुसऱ्या दिवशी येऊन कारखान्याच्या लोकांनी गोलाचे खांबसुद्धा उपटून नेले.

त्यानंतर माळावर संध्याकाळी नुसती वावटळ फिरायची. मी गोवऱ्या सकाळी थापायला लागले. पुरुषांना मात्र चांगला विषय मिळाला. कुठंही काही बिघडलं, टँकर आला नाही, कुणाचं लग्न मोडलं, की कुणीतरी म्हणायचं, "बाया सारवायला आल्या असतील." काकू तर त्यानंतर माळाकडच्या वाटेनं जायचीच बंद झाली. कारखान्याकडून मॅचच्या दिवशी ट्रक यायची, गावच्या माणसांना बघायला न्यायला. तिच्यात बाईमाणूस कसं चढणार. आमचे हे प्रत्येक वेळी जायचे, आणि परत आले की म्हणायचे, "आपला संघ जितला." आपला.

दीर पुढच्या दिवाळीला आले. वाळले होते. अंगाला मळीचा वास होता, आंबलेल्या काकवीसारखा. कपड्यांना, केसांना, पिशवीतल्या मिठाईलासुद्धा. हाताच्या पाठीवर बारीक पुरळ. त्याच दिवशी मॅच होती. ट्रक वेशीत उभी होती आणि आमचे हे ओट्यावरून हाका मारत होते.

"चल की रं, तुला तर फुडं बसवतील."

"मला न्हाई यायचं," दीर म्हणाले. आमचे हे एकटेच गेले. आत्या त्यांच्या मागं वेशीपर्यंत काही सांगायला गेल्या. घरात मी आणि दीर. ते चुलीपाशी जेवायला बसले होते.

ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल, मी विचारलं, "तुमी न्हाई तर गोलात कोन हाय मग?"

"चेअरमनच्या मेव्हन्याच्या गावचा एक. सेंटरला पुन्याहून आनलाय. लोहाराचा हाय, पन राखीव. बाकी आमी समदी बगॅसवर."

"म्हंजे?"

"उसाचा चोथा. त्यो ढकलायचा भट्टीकडं." त्यांनी हाताचं पुरळ खाजवलं. "त्यानं हे हुतं."

"मग आपला संघ कुठं हाय?"

"बनेनीवर नाव हाय कारखान्याचं. संघ त्यालाच म्हनतेत."

मी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांना वाटलं असेल बोलणं संपलं. माझं संपलं नव्हतं.

"भावजी, त्या दिशी डाव्या खांबाकडून दोन गोल झाले. तितं शेन न्हवतं. तितं मी सारवलंच न्हवतं."

त्यांचा घास थांबला. "ठावं हाय," ते म्हणाले.

"तुमी उशिरा झुकला. दोन्ही टायमाला."

"व्हय."

"मग सगळे आमाला हसत हुते, तवा का न्हाई बोलला?"

मला वाटलं ते म्हणतील, चेअरमनपुढं कसं बोलणार, नोकरीचं होतं, थोरल्या भावानं गप्प बस सांगितलं होतं. यातलं काही म्हणाले असते तर मी समजून घेतलं असतं.

"भूक लागली हुती, वहिनी," ते म्हणाले. "मागं बकरं शिजत हुतं. समदं ध्यान तिकडंच हुतं. मॅच सुरू झाल्यापासून."

मॅच सुरू होती तेव्हा बकरं अजून जिवंत होतं, शिजत नव्हतं. पण ते मी म्हणाले नाही. ते गोलाच्या मागं बांधलेलं होतं आणि ओरडत होतं, हे मात्र खरं. मी भाकरी त्यांच्या ताटात टाकली, लांबूनच, आणि चुलीतलं लाकूड पुढं सारायला वाकले. तो मळीचा वास घरभर झाला होता. त्यांनी अजून अर्धी भाकरी मागितली आणि मी ती दिली.